पाचर

मालगाव रस्त्याला, रेल्वे गेटच्या अलीकडं,
बाबालाल शिकलगारनं डाव्या दाराचं हँडल उपसलं.
मागची क्लिप उडून कुठंतरी गेली.
ती शोधण्यात अर्धा चहा निवला.

काच ढिलीच.
मी गाडी शिकलो तेव्हाही ढिलीच होती.
खड्डा आला की खडखड, खड्डा नसला तरी खडखड.
पानांचे डाग भरून पहाटे मिरजेला निघालो
की वस्तीवरच्या लोकांना झोपेतच कळायचं
मगदुमांची पिकअप चालली.
दादा खिशातून काहीतरी काढायचे, घडी घालायचे,
काच आणि रबराच्या फटीत अंगठ्यानं ठोसायचे.
चार दिवस गप्प.
मग घडी आत घसरायची,
आणि दादा परत खिसा चाचपायचे.

पॅड निघालं तसं दाराचं पोट सुटलं.
काट्याच्या पावत्या. एसटीची तिकिटं.
आक्काच्या लग्नपत्रिकेचा कोपरा, हळदीच्या डागासकट.
कुणीतरी उमेदवार, हात जोडलेला, अर्धाच.
एक कंगवा. तो कसा गेला देव जाणे.
पानाचा काळा चुरा, वास अजून शाबूत.

आणि आठ घड्यांचा एक जाड कागद.
ग्रीसनं जड झालेला.

उलगडला.
शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था.
उमेदवाराचे नाव : कुबेर आदगोंडा मगदूम.
व्यवसाय : जोडारी.
दिनांक २३ जुलैपूर्वी मूळ कागदपत्रांसह हजर राहावे,
अन्यथा

पुढचं घडीत झिजलेलं.

त्या जुलैत मी पोस्टमनच्या सायकलीमागं
वळणापर्यंत दोनदा पळालो होतो.
दुसऱ्या वेळी त्यानं न थांबताच
मान हलवली होती.
ऑगस्टात दादांनी गाडीची किल्ली माझ्यापुढं ठेवली.
मळ्यात वेल उतरायचे दिवस होते, माणूस कमी होता.
मी उचलली.

दादा टायरवर बसलेले. गुडघा चोळत.
तिसरीपर्यंत शिकलेत.
सरकारी कागद आला की शेजारच्या मास्तरांकडं नेतात.
पण गोल शिक्का लांबूनही ओळखतात,
हे मला माहीत आहे.

"कागद कामाचा हाय का काय?" बाबालालनं विचारलं,
वर न बघता.
सायकलच्या ट्यूबची पट्टी कापत होता तो,
काचेच्या जाडीची, केसभर जास्त.
पट्टी काचेच्या खालच्या काठाला घातली,
साबणाचं पाणी सोडलं,
लोखंडी पट्टी वर बसवून लाकडी हातोडीनं ठोकत गेला,
मधून कडेला, कडेकडून मधे,
झोपलेल्या लेकराला थोपटावं तसं.
मी बघत राहिलो.
त्याच्या बोटांना काय कळत होतं
ते मला कळत होतं, थोडंसं,
आणि त्याच्या पलीकडचं नव्हतं कळत.

नवी फेल्ट बसली. रोलरला ग्रीस.
काच वर गेली, एका दमात, न कुरकुरता.

"आता एक कागद दे," म्हणाला. "जरा जाड बघ."

हातात तोच होता.
त्यानं तो फटीत सरकवला, काच चढवली,
म्हणाला, "ओढ."
ओढला.
आला नाही.
"आणि ओढ की."
जोर केला तसा नावापाशी फाटला.
"बसली," बाबालाल म्हणाला, आणि हात पुसायला गेला.

साडेतीनशे रुपये झाले. क्लिप फुकट.

परतताना खड्डे तेच, गाडी तीच,
आणि आत एवढं सामसूम
की दादांचा श्वास मला ऐकू यायला लागला,
आणि माझा त्यांना येत असणार.
कॅनॉलच्या पुलापर्यंत कुणी बोललं नाही.

मग दादांनी काचेवर बोटाचं पेर टेकवलं,
हलते का बघितलं.
बाहेर बघत म्हणाले,
"त्यो कागद जाड हुता.
दिवाळीपतूर हलला न्हाई."

मी गिअर बदलला.